उरलेली व्यक्ती: एक

लेकीचं लग्न दहा दिवसांवर आलं आणि वधूपित्याने जाहीर केलं की जेवायला कोण कुठे बसेल हे संगणक ठरवील. वधूपिता तीस वर्षं वजनमापांचे निरीक्षक होते. दुकानोदुकानी जाऊन तराजू तपासायचे, त्यामुळे घरीदारी सगळे त्यांना निरीक्षकच म्हणत. निवृत्तीनंतर रिकामं बसवेना म्हणून ते लेकीकडून प्रोग्रॅमिंग शिकू लागले. लेक तेच कॉलेजात शिकवायची. चार महिन्यांत त्यांना एवढं आलं, की जगात न सुटणारा प्रश्न आता उरलेला नाही याबद्दल त्यांची खात्री पटली.

हा प्रश्न मात्र खराच अवघड होता. बारा टेबलं, प्रत्येकी आठ खुर्च्या, दोन्हीकडची मिळून शहाण्णव माणसं. त्यात निरीक्षकांची थोरली बहीण अक्का आणि त्यांचा मेहुणा, म्हणजे लेकीचा मामा, यांच्यात सहा वर्षं अबोला. मामाने अक्कांची शिडी नेली होती आणि परत आणली तेव्हा तिची एक पायरी कमी होती. मामा शेजारीपाजारी जेवायला बसणार असेल तर आपण येणार नाही, असा अक्कांचा निरोप होता. आईवडिलांच्या मागे अक्कांनीच निरीक्षकांना वाढवलं होतं. ती आली नाही तर या लग्नात मला गोडी नाही, असं ते बायकोला म्हणाले.

"संगणक विचार करत नाही, बाबा," लेक म्हणाली. "विचार आपण करायचा. तो नुसतं सांगितलेलं ऐकतो."

"सांगितलेलं ऐकणारा मला तीस वर्षांत कुणी भेटला नाही," निरीक्षक म्हणाले. "त्याला विचारी म्हणायला माझी हरकत नाही."

त्यांनी सगळ्यांना फोन लावले. कुणाशेजारी बसायला आवडणार नाही, हे गुप्तपणे सांगा, म्हणाले. लोकांनी आढेवेढे घेत नावं दिली. वैराच्या एकूण नऊ जोड्या निघाल्या. दुसरा कुणीही इथेच थांबला असता. पण एकच पारडं बघून शिक्का मारणं निरीक्षकांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी समोरच्या नऊ जणांनाही फोन करून पडताळणी केली.

"तुमच्या धाकट्या जाऊबाई म्हणतात, तुमच्या शेजारी बसलं की त्यांना घास गिळवत नाही," त्यांनी वरमाईंना विचारलं. "हे बरोबर आहे का?"

तीन दिवसांत नऊच्या एकसष्ट जोड्या झाल्या. व्याही तर गरीब गाय. त्यांनी कुणाचंही नाव दिलं नव्हतं. पण आपलं जेवतानाचं बोलणं सख्ख्या भावाला असह्य होतं, हे त्यांना निरीक्षकांच्या फोनवरून कळलं, आणि त्यांनी एकदम चार नावं दिली. निरीक्षक प्रत्येक जोडी निष्ठेने प्रोग्रॅममध्ये भरत होते. शेवटी पडद्यावर आलं: 'उत्तर नाही'. निरीक्षक हाताची घडी घालून बसून राहिले.

"तो विचार करतोय," ते बायकोला म्हणाले.

"त्याचा करून झाला. आता तुम्ही करा," बायको म्हणाली.

लग्नाला दोन दिवस उरले तेव्हा लेकीने सूत्रं हाती घेतली. प्रश्न सुटत नसेल तर आधी तो लहान करायचा, हे ती पहिल्या वर्गापासून शिकवत आली होती. जुनी यादी तिने पुसून टाकली. आता प्रत्येकाने एकच नाव द्यायचं, तेही फोनवरून थेट प्रोग्रॅममध्ये. बाबांनी उत्तरं बघायची नाहीत आणि पडताळायची तर मुळीच नाहीत. निरीक्षकांनी मान्य केलं. अक्का मामाचं नाव देणार आणि मामा अक्कांचं, हे सांगायला त्यांना ज्योतिषी नको होता.

बटण दाबल्यावर बोट उचलायच्या आत उत्तर आलं. निरीक्षकांची छाती फुगली. यंत्राने डोकं चालवलंय तिथे आपण कशाला नाक खुपसा, म्हणून यादी न वाचताच त्यांनी नावांची कार्डं छापायला टाकली.

लग्न लागलं. मंडळी जेवणाकडे वळली आणि निरीक्षक आपलं कार्ड शोधू लागले. बाराही टेबलं दोनदा हिंडून झाली. बाराव्या टेबलावर एक खुर्ची रिकामी होती, पण तिच्यापुढे कार्डच नव्हतं. त्यांनी खिशातली यादी पहिल्यांदा उघडली. खाली लिहिलं होतं: 'उरलेली व्यक्ती: एक'.

"तुझ्या प्रोग्रॅममध्ये चूक आहे," ते नवरीला गाठून म्हणाले.

लेकीने नवऱ्याच्या हातातला फोन घेऊन पाहिलं. "चूक नाही, बाबा. पंच्याण्णव जणांनी एकच नाव दिलंय. तुमचं. तुम्हाला कुठे बसवणार तो?"

"तुझ्या आईनेसुद्धा?"

"आईचं उत्तर सगळ्यांच्या आधी आलं."

"आणि तू?"

"एकच नाव द्यायचं होतं ना," लेक म्हणाली आणि पदर सारखा करू लागली.

निरीक्षकांना वाईट वाटलं, पण ते वाटायलाही फारसा वेळ मिळाला नाही. पंच्याण्णव जणांत अक्काही आल्या आणि मामाही आला. म्हणजे त्या दोघांनी एकमेकांची नावं दिलीच नव्हती. त्यांनी यादीवरून बोट फिरवलं. पाचवं टेबल, खुर्ची तीन, अक्का. खुर्ची चार, मामा.

ते धावत सुटले. वाटेत व्याह्यांना धक्का लागला, त्यांची माफी मागायचीही राहिली. पाचव्या टेबलाशी पोचले तेव्हा उशीर झाला होता. दोघं शेजारी बसले होते आणि अक्का पदराने डोळे पुसत होत्या. जरा जवळ गेल्यावर कळलं की अक्का हसत होत्या.

"मला म्हणतो, तू लेकीच्या चुलतसासूला आगाऊ म्हणालीस याची नोंद करू का," अक्का सांगत होत्या.

"तुम्हाला एकदाच केला ना फोन?" मामा म्हणाला. "मला तीनदा. तिसऱ्यांदा म्हणे, मघाचं उत्तर कायम आहे का."

सहा वर्षांत दोघांचं पहिल्यांदाच एखाद्या गोष्टीवर एकमत झालं होतं आणि ती गोष्ट त्यांच्या मागे धापा टाकत उभी होती. लेकही पाठोपाठ आली. निरीक्षकांनी तिच्याकडे वळून मान ताठ केली.

"बघ," ते हळूच म्हणाले. "आता सांग, विचार करतो की नाही."

तेवढ्यात अक्कांनी वळून धाकट्या भावाकडे पाहिलं. मग कोपराने मामाला सरकवून त्यांनी एक खुर्ची मध्ये ओढली.

"ये, बस," त्या म्हणाल्या. "पण आता गपचूप जेव. कुणाला काही विचारू नकोस."