टपावरचं रक्त आणि बारा व्होल्टचा टीव्ही

फकरुद्दीन मुकादम स्वतःची ओळख करून देताना उभा राहायचा. बसून सांगण्याइतकी ती ओळख लहान नव्हती. "आचऱ्यापासून आंबोलीपर्यंत जेवढं म्हणून गूढ आहे," तो म्हणायचा, "त्यातलं अर्धं मी उकललंय. उरलेलं अर्धं माझ्या भीतीने अजून घडलेलंच नाही." मग डोळे बारीक करून समोरच्याच्या चपलांकडे बघायचा. उभी हयात एसटीत तिकीट तपासण्यात गेली होती आणि चपला पाहून तिकीट काढलंय की नाही हे आपल्याला कळतं, असा त्याचा दावा होता. निवृत्तीनंतर त्याने कट्टा गावच्या बाजारात भाच्याच्या चहाच्या दुकानावर 'गुप्त तपास' अशी हातभर अक्षरांची पाटी लावली. खाली बाणही काढला. गुप्तपणे येणाऱ्यांची चुकामूक व्हायला नको.

आचऱ्याचा हरिश्चंद्र त्याचा शाळेपासूनचा मित्र. हरीला मदतनीस म्हणून कुणी नेमलं नव्हतं. पण तपासात शिडी धरायला आणि शेवटी लोकांची माफी मागायला कुणीतरी लागतं, ते काम हरीकडे आलं होतं. हरीची बायको सुभद्रा म्हणायची की फकरूभायला गूढ सापडत नाही, तो ते पेरतो. सुभद्रा गेल्या पावसाळ्यात गेली. आता हे म्हणायला कुणी उरलं नव्हतं, त्यामुळे फकरुद्दीन जरा सैल सुटला होता.

या वेळचं प्रकरण हरीच्याच घरचं होतं. घरचं म्हणजे घरामागच्या ट्रेलरमधलं.

ट्रेलर ही सुभद्रेची कल्पना. जीपच्या मागे जोडायची, आत दोन माणसं झोपतील अशी पत्र्याची खोली. आंबोलीला जायचं, लोकांची गर्दी व्हायच्या आत, आणि तिथे आपल्या स्टोव्हवर आपला चहा करायचा. तिची अट एकच, साडेसातची मालिका चुकता कामा नये. त्यासाठी खिडकी आणि कपाट यांच्या मधली जागा तिने वितीने मोजून ठेवली होती. दोन विती. टीव्ही घ्यायचा राहिला आणि ती गेली. जीप हरीने मग विकून टाकली, ट्रेलर राहिला.

मालिका चालू राहिली. मालिकांना कुणाचं काही पडलेलं नसतं.

हरी ती बघू लागला. त्यात दोन बहिणी होत्या, एक हरवलेली आणि एक रडणारी. सुभद्रा गोष्ट अर्धी टाकून गेली होती, ती कुणीतरी शेवटपर्यंत बघायला हवी, एवढंच त्याचं म्हणणं. घरातला टीव्ही चांगला होता, पण त्याच्यासमोर तिची खुर्ची होती. तिच्यावर बसवत नव्हतं आणि ती रिकामी बघवत नव्हती. म्हणून ट्रेलरमध्ये टीव्ही घ्यायचं ठरलं.

कट्ट्याला मितेशचं दुकान होतं. तिथे फकरुद्दीनने शिरल्या शिरल्या भिंतीवरच्या सगळ्यात मोठ्या टीव्हीवर हात ठेवला. मोठ्या पडद्यावर पुरावे स्पष्ट दिसतात, असं त्याचं मत. मितेशने शांतपणे सांगितलं की हा ट्रेलरात लावला तर बघणाऱ्यांना पावसात बसावं लागेल. हरी म्हणाला, जागा दोन विती आहे. फकरुद्दीनने लगेच आपली वीत पसरली. ती वल्ह्याएवढी होती.

"तिची वीत," हरी म्हणाला. "लहान होती."

मितेशने मागून दुकानातला सगळ्यात छोटा टीव्ही काढला. हा थेट बारा व्होल्टवर चालतो, म्हणाला. इन्व्हर्टर नको, कारण इन्व्हर्टर स्वतःच अर्धी बॅटरी खातो. टपावर सोलर पॅनेल, बाकाखाली बॅटरी, दिवसभर ऊन भरायचं आणि संध्याकाळी बघायचं. अगदीच अडलं तर गाडीच्या बॅटरीला दोन चिमटे लावूनही चालेल. चिमट्यांची वायर त्याने फुकट दिली. फुकट म्हटल्यावर फकरुद्दीनला संशय आला, पण तो त्याने राखून ठेवला.

महिनाभर सगळं ठीक चाललं. मग मालिकेचा शेवटचा आठवडा आला आणि टीव्ही मध्येच बंद पडू लागला. सोमवारी शेवटच्या जाहिरातींत, मंगळवारी त्याच्या आधी, बुधवारी त्याच्याही आधी. बॅटरीशेजारचा हिरवा दिवा लाल व्हायचा आणि रडणारी बहीण तोंड उघडं ठेवून नाहीशी व्हायची. शेवटचा भाग शनिवारी होता. पुढे पाऊस लागला की पॅनेलचा तसाही उपयोग नव्हता.

हरीने फकरुद्दीनला फक्त गाऱ्हाणं सांगितलं. ती चूक झाली.

फकरुद्दीन एरवी सगळ्यांसारखंच मालवणी बोलायचा, पण गुन्हा घडला की प्रमाण भाषेत शिरायचा. आपल्या जुन्या गाडीतून तो आला, ट्रेलरभोवती फिरला आणि म्हणाला, "हे काम आतल्या माणसाचं आहे." आतला माणूस म्हणजे हरी एकटाच. मग फकरुद्दीनने ते मत मागे घेतलं.

दुसरं मत तोंडवळीच्या समदबद्दल. समद किनाऱ्यावर पर्यटकांना तंबू भाड्याने द्यायचा, म्हणजे ट्रेलर हा त्याचा शत्रू. दोघे त्याच्याकडे गेले. हरीकडे ट्रेलर आहे हेच समदला माहीत नव्हतं. ते कळल्यावर मात्र तो विचारात पडला आणि भाड्याने देणार का, म्हणून विचारू लागला. अशा रीतीने गुन्ह्यानंतर तीन दिवसांनी गुन्ह्याचा हेतू तयार झाला. फकरुद्दीन म्हणाला, तपास पुढे सरकतोय.

तिसरं मत टीव्हीविरुद्ध होतं. एवढ्या मोठ्या घराण्याचं दुःख एवढ्याशा पडद्याला झेपत नाही, तो दमतो.

मितेशला फोन केला तर त्याने एकच विचारलं, पॅनेलला ऊन मिळतंय ना. हरी रोज सकाळी काजूच्या बागेत जाण्याआधी वर बघायचा, पॅनेल स्वच्छ असायचं. फकरुद्दीन स्वतः सूर्यास्ताला शिडीवर चढला, पॅनेलवर हात फिरवला, त्याच्यावर ऊन पडत असल्याची मावळत्या सूर्यासमोर खात्री केली आणि मितेशला कळवलं की तो मुद्दा निकालात निघालाय. दिवसा मध्येच येऊन बघावं, असं हरीने सुचवलं. फकरुद्दीन हसला. बिनतिकीट माणूस नेहमी संध्याकाळच्या गाडीने जातो, म्हणाला. हा त्याचा अनुभव होता.

शिडीवरून उतरताना त्याला ते दिसलं. पायरीवर लाल थेंब. एक, दोन, आणि टपाच्या कडेवर लालसर ओघळ.

"रक्त," तो म्हणाला.

हरीने वाकून बघितलं. "रातांब्याचो रस दिसता रे."

"गुन्हेगाराला तुला हेच वाटायला हवंय." फकरुद्दीनने बोट लावून चाटून बघितलं. थोडा वेळ त्याचं तोंड आंबट झालं. "घाबरलेल्या माणसाचं रक्त आंबट होतं," तो म्हणाला. "जखमी आहे. लांब गेला नसेल."

हरीला वाटलं, सुभद्रा असती तर आता पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली असती. त्याने स्वयंपाकघराकडे बघितलंसुद्धा.

शुक्रवारी हरवलेली बहीण दारात आली. कडी वाजली, रडणारी बहीण उठली, दार उघडलं आणि पडदा काळा झाला. हरी काळ्या पडद्याकडे बघत बसून राहिला. त्यात त्याचंच तोंड दिसत होतं आणि ते बघण्यासारखं नव्हतं.

शनिवारी फकरुद्दीनने सापळा लावला. गाडी ट्रेलरपाशी उभी केली, गुन्हेगाराचे डोळे दिपावेत म्हणून भर उन्हात तिचे पुढचे दिवे चालू ठेवले, आणि स्वतः ट्रेलरच्या आत दबा धरून बसला. हरी बागेतून दुपारी त्याच्यासाठी जेवण घेऊन आला, तेव्हा दबा घोरत होता. आणि टपावरून खुडखुड ऐकू येत होती.

हरी मागे गेला. शिडीच्या वरच्या पायरीवर शेजारची नर्मदा उभी होती, कमरेला सूप, हात कोपरापर्यंत लाल. पॅनेलवर रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या फळांच्या, साली पसरल्या होत्या, अशा दाट की खालचा काळा रंग बोटभरही दिसत नव्हता.

"वयनी, ह्या काय?"

"सोलां. परतून घालतंय. दुसऱ्या काय?"

"पॅनेलवर?"

"मग खंय? माझ्या खळ्यात कोंबये. हय कोंबो येणा नाय, कुत्रो चढणा नाय, आणि तव्यासारख्या तापता. सूर्य कललो की उचलतंय, दव पडाच्या आधी, आणि फडक्यान पुसून ठेवतंय." ती खाली उतरली. "तुमका इचारून घातलंय हा. रविवारी कुंपणार म्हटलंय, भावजी, तुमचे रातांबे झाडाखाली पडान कुसतत, सोलां करून त्या काळ्या फळयेर घालू? तुम्ही म्हणालास, होय."

हरीने आठवून बघितलं. काहीच आठवेना. गेल्या पावसाळ्यापासून लोक येऊन काहीतरी विचारायचे आणि तो होय म्हणायचा. त्यामुळेच घरात चार पंचांगं आणि एक न फिरणारा पंखा आला होता.

"सुभद्रा दरवर्षी करी," नर्मदा म्हणाली. "औंदा कोण करतला? वरसभर सोलकढीशिवाय रवतलास?"

तिच्या आवाजाने फकरुद्दीन जागा होऊन बाहेर आला. त्याने टपाकडे बघितलं, सुपाकडे बघितलं, नर्मदेच्या चपलांकडेही बघितलं. मग म्हणाला, "मला पहिल्यापासून कल्पना होती. म्हणून तर मी चव घेतली."

नर्मदेने साली उचलल्या, पण उरलेल्या उन्हात आठवड्याची उपाशी बॅटरी भरणार नव्हती. साडेसात जवळ आले तरी दिवा लालच. हरी ट्रेलरच्या पायरीवर बसला. नर्मदाही ती मालिका बघायची. ती आणि सुभद्रा रोज सकाळी कुंपणावर त्या दोन बहिणींना आळीपाळीने शिव्या घालायच्या. ती म्हणाली, "फकरूभाय, तुझ्या गाडयेत बॅटरी नाय?"

फकरुद्दीन झटक्यात मालवणीत आला. "माझी गाडी? आणि मी घराक कसो जातलो?"

पण हरी मितेशची वायर घेऊन उठला होता. बॉनेट उघडलं, चिमटे लागले, छोटा पडदा उजळला. बाकावर तिघे दाटीवाटीने बसले. नर्मदेने शुक्रवारचा बुडालेला भाग चार वाक्यांत सांगितला. फकरुद्दीन शेवटपर्यंत म्हणत राहिला की आलेली बहीण तोतया आहे, चप्पल बघा. ती खरी निघाली. दोघी मिठी मारून रडल्या, घरात सगळ्यांनी चहा घेतला आणि संपलं.

एवढ्यासाठी इतकी वर्षं? सुभद्रेने नक्की हेच म्हटलं असतं. हरीला ते इतकं स्पष्ट ऐकू आलं की तो हसला. नर्मदाही हसली, आणि मग पदराने डोळे पुसू लागली. मालिकेसाठी, असं म्हणाली.

गाडी सुरू झाली नाही. दुपारपर्यंत दिवे जाळून वर टीव्ही चालवल्यावर एवढी जुनी बॅटरी काय करणार? फकरुद्दीनला वाटलं, कुणीतरी घातपात केलाय. तो एसटीने गेला. तिकीट काढून, असं तो सांगतो.

नर्मदा सूप उचलून कुंपणापाशी गेली आणि वळली. तिने काहीतरी विचारलं.

हरीच्या तोंडात होय आलंच होतं. ते त्याने थांबवलं. "काय म्हटलास, वयनी?"

"म्हटलंय, अजून दोन दीस ऊन व्हया. उद्या परत घालू सोलां?"

त्याने ते सगळं नीट ऐकलं.

"होय," तो म्हणाला. "मी बागेत जाणंय नाय उद्या. शिडी धरतंय."