न धुतलेले दोन किलो

“प्लास्टिक अमर असतं ही निव्वळ अफवा आहे, अण्णा! आज अकरा वाजता मी ती कायमची गाडून टाकणार!” स्वयंपाकघराच्या मधोमध उभ्या राहून, चहाचा कप मशालीसारखा उंचावत संशोधकबाईंनी जाहीर केलं.

“गाड. पण तेलाची ती रिकामी पिशवी गाडू नकोस,” अण्णा ओट्यापाशी पाठमोरे उभे राहून म्हणाले. “आत्ताच धुऊन वाळत घातलीय.”

बाईंची चौदा वर्षं उत्प्रेरकांवर संशोधन करण्यात गेली होती. उत्प्रेरक म्हणजे असा पदार्थ, जो स्वतः तसूभरही बदलत नाही, पण आजूबाजूच्या सगळ्यांना कामाला लावतो. वडील, म्हणजे हे अण्णा, स्वच्छता निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले असल्यामुळे ही कल्पना बाईंना लहानपणापासूनच नीट समजली होती.

त्यांचा उत्प्रेरक म्हणजे चिमूटभर राखाडी भुकटी. जुनं प्लास्टिक वितळवून त्यात ती टाकली, की त्याच्या लांबच लांब साखळ्या तुटायच्या आणि पाण्यासारखा पातळ कच्चा माल हाती यायचा. त्यातून पुन्हा नवंकोरं प्लास्टिक करता येई. गेल्या वर्षी परीक्षण समितीपुढे त्यांनी हे करून दाखवलं, तेव्हा अध्यक्ष चष्मा पुसत म्हणाले होते, “उत्तम. पण हे प्लास्टिक कोरं करकरीत आहे. लोक असलं कोरं प्लास्टिक कचऱ्यात टाकतात का?” या गृहस्थांना संस्थेत सगळे पणसाहेब म्हणत.

दुखणं खरं होतं. तेल, मीठ, मसाला लागला की उत्प्रेरक नव्या जावयासारखा रुसून बसे. मग चौदा महिने घासून बाईंनी कुठल्याही घाणीला न बधणारा नवा उत्प्रेरक बनवला. आज अखेरची परीक्षा होती. नापास झाल्या तर प्रयोगशाळेची खोली रंगविभागाला जाणार होती. रंगविभागाचे प्रमुख पडद्यांचं माप घेऊनही गेले होते. समितीच्या पत्रात अट स्पष्ट होती: प्लास्टिक घरगुती, वापरलेलं, न धुतलेलं, किमान दोन किलो.

बाईंनी तीन आठवडे घरातली आणि बहिणीच्या घरातली घाण एका गोणीत जिवापाड जपली होती. ती गोणी उचलायला त्या गॅलरीत गेल्या आणि जागीच थिजल्या.

गोणी रिकामी होती, तीसुद्धा धुतलेली. दोरीवर पिशव्या चिमट्यांनी टांगल्या होत्या आणि कठड्यावर डबे चकाकत होते.

“अण्णा! हे काय केलंत?”

“तीन पाण्यांतून काढलं. लिंबू पण फिरवलं. हुंगून बघ, वास आला तर नाव बदलीन.”

“अहो, तो कचरा होता!”

“म्हणून तर धुतला. चांगल्या वस्तू कोण धुतं?”

“मला तो घाणच हवा होता!”

“शहाणी आहेस! एवढी मोठी माणसं बघायला येणार आणि त्यांच्यापुढे बरबटलेले डबे ठेवणार? बाप काय करत होता म्हणतील!” अण्णांचा आवाज चढला. “तुला तीन आठवडे हात लावायला सवड नाही, म्हणून पहाटे उठून मी राबलो. आभार राहिले बाजूला!”

“चौदा महिने, अण्णा! चौदा महिन्यांची माती केलीत!”

“माती नाही, साबण लावलाय.”

त्याच डब्यांवर पुन्हा तेल ओतावं, हा विचार बाईंच्या मनात आला आणि त्यांनी तो तिथल्या तिथे चिरडला. पुराव्याला मेकअप करणं त्यांच्या रक्तात नव्हतं. साडेआठ झाले होते. इमारतीत सोळा बिऱ्हाडं; दोन किलो घाण काय अवघड आहे, असं म्हणत त्यांनी चपला पायांत सरकवल्या. निघता निघता माळ्याकडे एक जळजळीत कटाक्ष टाकला. तिथे अण्णांनी वर्षानुवर्षं धुऊन साठवलेल्या डब्यांचे छतापर्यंत मनोरे रचले होते. या प्लास्टिकच्या वृद्धाश्रमाला टाळं लावायची धमकी त्या दर महिन्याला देत असत.

पहिलं दार शिकवणीवाल्या बाईंचं.

“तुमच्याकडे न धुतलेलं प्लास्टिक आहे का?”

शिकवणीवाल्या बाईंचा चेहरा पडला. अण्णा निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती, पण जिन्यातले कोपरे हुंगणं त्यांनी सोडलं नव्हतं. त्यांचीच मुलगी सकाळी सकाळी दारात उभी राहून असला प्रश्न विचारते, याचा अर्थ उघड होता.

“छे छे! आमच्याकडे असलं काही नसतं हो!” त्या म्हणाल्या आणि दार लागलं. आतून लगेच नळ सोडल्याचा आवाज आला.

दुसऱ्या मजल्यावरच्या शिंपीकाकांनी दार चार बोटंच उघडलं. “अण्णांनी पाठवलं का?”

“नाही हो काका, मलाच हवंय. माझ्या कामासाठी.”

“तपासणीला येणारे असंच म्हणतात, पोरी.”

“मी कशाला तपासू? मला घाण हवीय, घाण!”

“बघ, आता तूच बोललीस! पण आमच्याकडे सापडायची नाही.” आत शिंपीणकाकू हातात बरबटलेली बरणी घेऊन मोरीकडे धावताना दिसल्या. ती बरणी बघून बाईंच्या तोंडाला अक्षरशः पाणी सुटलं.

बातमी बाईंच्या आधी जिना उतरत होती. त्या ज्या मजल्यावर पोचत, तिथे खळाखळा नळ वाहत असत. ज्यांनी आयुष्यात ताट विसळलं नव्हतं, ते पुरुष बाह्या सरसावून बाटल्या घासत होते. देशाला धडा घालून द्यावा अशी ती स्वच्छता होती आणि तिच्याकडे बघून बाईंचं रक्त उकळत होतं. ही माणसं एरवी सालं खिडकीतून फेकतात! आजच यांना नागरिक व्हायचं होतं!

तळमजल्याला त्या पोचल्या आणि सगळे नळ एकदम गप्प झाले. टाकी रिकामी झाली होती.

तळमजल्यावर डबेवाल्या काकू राहत. कचेऱ्यांतल्या चाळीसेक माणसांना त्या रोज संध्याकाळी जेवण पुरवत. कोपरापर्यंत साबणाचा फेस, समोर निळ्या झाकणांच्या, तेलाने माखलेल्या प्लास्टिकच्या डब्यांचा डोंगर आणि नळाला थेंब नाही, अशा अवस्थेत त्या सापडल्या.

“अगं आईगं! शपथ घेते, धुवायलाच बसले होते! पाणीच गेलं! अण्णांना सांगू नकोस हं, तुझ्या पाया पडते!”

“काकू, मीच तुमच्या पाया पडते,” म्हणत बाई खरोखरच वाकल्या आणि डबे गोणीत भरायला लागल्या. “आज हे माझ्या प्रयोगशाळेत हवेत. अण्णांना अवाक्षर सांगणार नाही.”

“ने बाई, ने. पण संध्याकाळच्या आत बघ हं!” काकू मागून ओरडल्या.

“हो हो, संध्याकाळच्या कितीतरी आत होईल!” बाई रिक्षात बसता बसता म्हणाल्या.

अकराला पणसाहेबांनी गोणीत नाक घातलं आणि तितक्याच वेगाने बाहेर काढलं. अस्सलपणाबद्दल कुणाला शंका उरली नाही. डब्यांचा चुरा झाला, चुरा भांड्यात गेला, चिमूटभर राखाडी भुकटी पडली. तीन तास समिती भांड्याभोवती बसून होती. रंगविभागाचे प्रमुख मधूनमधून खिडक्यांकडे बघत होते. दोन वाजता नळीतून पहिला थेंब आला, मग दुसरा, मग धार. बाटली काठोकाठ भरली, आतला माल काचेसारखा नितळ.

पणसाहेबांनी बाटली उजेडाकडे धरली. निकालाचा कागद वाचला. चष्मा पुसला.

“पण...” ते म्हणाले. रंगविभागाचे प्रमुख खुर्चीतून अर्धे उठले. “पण काही नाही. खोली तुमची.”

टाळ्या पडल्या. बाईंचा राग सकाळपासून पहिल्यांदा खाली बसत होता, तोच दार उघडून अण्णा आत आले. त्यांच्या मागे डबेवाल्या काकू.

“इमारतीची टाकी नऊ वाजता कुणी रिकामी केली याची चौकशी केली,” अण्णा म्हणाले, “तर नाव तुझं निघालं.”

“ते मरू दे हो,” काकू पुढे झाल्या. “झालं ना तुझं काम? दे माझे डबे.”

बाईंनी बाटलीकडे बोट दाखवलं. “काकू, डबे... यात आहेत.”

काकूंनी बाटली हलवून पाहिली. “झाकणं?”

“तीही.”

“यातून परत करता येतात म्हणतेस ना?”

“हो! शंभर टक्के!”

“मग दे करून. चाळीस. पाच वाजता जेवण भरायचंय मला.”

पणसाहेबांनी कागद पुन्हा हातात घेतला. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलं, सकाळची ती मशाल आठवली आणि अखेर खालच्या मानेने अण्णांकडे वळल्या.

“अण्णा,” त्या अगदी हळू म्हणाल्या, “माळ्यावरचे डबे काढता का?”

अण्णांनी अख्ख्या समितीवर सावकाश नजर फिरवली.

“काढतो की. फक्त परत येतील तेव्हा धुतलेले येऊ देत.”