शेवटच्या दोन जागा

कॉलेजच्या फाटकातून आत शिरल्याबरोबर मुंगीच्या बाबांनी काय केलं असेल, तर शेजारची भिंत बोटानं ठोकून पाहिली.

"पोकळ नाही," ते समाधानानं म्हणाले. "जुनं काम आहे, पण दणकट."

"बाबा, आपण कॉलेज विकत घ्यायला नाही आलोय," मुंगी दातओठ खात म्हणाली.

"अगं, बघायला काय जातंय!"

बाबा घरांचे एजंट होते. लोकांना घरं दाखवायची, घेणाऱ्याला गोडीनं आणि विकणाऱ्याला चिकाटीनं पटवायचं, हा त्यांचा रोजचा धंदा. रिकामी खोली दिसली की त्यांच्या तोंडाला पाणी सुटायचं. एकदा एका आजारी मित्राला भेटायला ते दवाखान्यात गेले आणि शेजारच्या खाटेवरच्या माणसाला खिडकीजवळची खाट कशी चांगली, हे पटवून आले. तो बिचारा ऑपरेशन झालेल्या पोटानिशी उठून तिकडे जायला निघाला होता.

मुलगी मात्र अगदी उलट. कमी बोलणारी, खाली मान घालून चालणारी. खाली मान घालायची ती लाजून नव्हे, तर जमिनीवर काय काय चाललंय ते बघायला. तिच्या वयाच्या मुली बाहुल्यांना जेवू घालायच्या, तेव्हा ही बुटांच्या खोक्यातल्या सुरवंटांना पानं घालायची. म्हणून घरात तिचं नाव मुंगी पडलं, आणि खरं नाव हजेरीपटापुरतं उरलं. मार्क तिचे बेताचे होते. म्हणजे नापास नाही, पण पाहुण्यांनी विचारलं तर आई चहा टाकायला आत जायची, इतपत.

पण मुंगीनं सगळा हिशोब करून ठेवला होता. या कॉलेजात कीटकशास्त्राचा एक विभाग होता आणि त्याच्या वाटेला कुणी फिरकत नसे. जागा वीस, गेल्या वर्षी अर्ज आले अकरा. वीसपेक्षा जास्त अर्ज आले, तरच मार्क बघायचे, असा नियम. थोडक्यात, मागेल त्याला जागा. विभाग बघायचा आणि त्याच दिवशी संध्याकाळी पाचच्या आत अर्ज द्यायचा, एवढंच काम होतं. मुंगीला दुसरं काहीही शिकायचं नव्हतं. हे नाही मिळालं तर मामाच्या दुकानात बसून पावत्या फाडायच्या, असं तिच्या मामानं परस्पर ठरवून टाकलं होतं.

विभाग होता पार मागच्या टोकाला. बैठी इमारत, पुढे लांब व्हरांडा, आणि आत काचेच्या पेट्याच पेट्या. विभागप्रमुख बाईंनी मुंगीला पाहिलं, तिचे दोन प्रश्न ऐकले आणि खूश होऊन म्हणाल्या, "चल आत, यांच्या खाण्याची वेळ झालीये." मुंगी आत गेली, तिच्यामागे सोबत आलेली आईही गेली. बाबा बाहेरच थांबले. किड्यांशी त्यांचं कधी जमलं नाही. घरात झुरळ निघालं की बाबा पलंगावर चढायचे आणि मायलेकी काय ते बघून घ्यायच्या.

तर बाबा व्हरांड्यात एकटे. समोर रिकामा व्हरांडा. आता तुम्हीच सांगा, मांजरासमोर दूध ठेवून वर त्याला शपथ घालायची का?

तेवढ्यात एक गृहस्थ घाम पुसत आले. मागे उंचच्या उंच मुलगा, कानात वायरी.

"मुख्य इमारतीकडे कसं जायचं हो? मी डेंटिस्ट आहे, मला दुपारी पेशंट आहेत."

"रस्ता काय, हा असा सरळ," बाबा म्हणाले. "पण आलाच आहात तर बघून घ्या की. बघायला पैसे पडत नाहीत."

"काय आहे इथे?"

"कीटकशास्त्र."

दाताच्या डॉक्टरांनी किडकी दाढ दिसल्यासारखा चेहरा केला. "त्याला पुढे स्कोप काय?"

"स्कोप? डॉक्टरसाहेब, माणसाला दात किती? बत्तीस. तेही शेवटी पडणार. किडे कधी संपलेत ऐकलंय का? धान्यात कीड, कपाशीला कीड, लाकडाला वाळवी. जोवर माणूस खातोय आणि घरात राहतोय, तोवर या लाइनला मरण नाही. आणि लोकेशन बघा! रस्त्याचा आवाज नाही, दोन्हीकडून हवा, सकाळचं ऊन. शेजार तर इतका सज्जन की काचेच्या बाहेर येत नाही."

डॉक्टरांनी हवा येते का ते पाहिलं. येत होती.

मागून एक बेकरीवाल्या बाई मुलीला घेऊन आल्या. दोन माणसं उभी आहेत आणि एक माणूस बोलतोय, म्हणजे काहीतरी महत्त्वाचं असणार, म्हणून त्याही थांबल्या. चौघं थांबले म्हणून आणखी पाच थांबले. बाबांना आता चेव चढला. त्यांनी छत दाखवलं, फरशी दाखवली, पुढेमागे वाढवायला किती मोकळी जागा आहे तेही दाखवलं. आत मात्र एक पाऊल टाकलं नाही. "आत तुम्ही निवांत बघा, मी मध्ये येत नाही," असं प्रत्येकाला अदबीनं म्हणाले.

"पण जागा आहेत का?" बेकरीवाल्या बाईंनी विचारलं.

आणि इथे घात झाला. हा प्रश्न बाबांना गेली पंचवीस वर्षं रोज कुणी ना कुणी विचारत होतं, आणि त्याचं उत्तर त्यांच्या जिभेवर कोरलेलं होतं. ज्या इमारतीत एक कुत्रंसुद्धा राहायला आलेलं नव्हतं, तिथेही त्यांनी हेच उत्तर दिलं होतं.

"शेवटच्या दोन उरल्यात," बाबा हळू आवाजात म्हणाले. "आणि संध्याकाळी एक पार्टी येतेय."

लगेच डॉक्टरांनी मुलाच्या कानातली वायर ओढली. "चल! अर्ज भर!"

"पप्पा, पण मला कॉम्प्युटर—"

"कॉम्प्युटर कुठे पळून जात नाही!"

बेकरीवाल्या बाई डॉक्टरांना कोपरानं बाजूला सारून अर्जाच्या खिडकीशी पोचल्या. मग काय, झुंबड! मुंगी बाहेर आली, तेव्हा रांग व्हरांड्यातून उतरून झाडापर्यंत गेली होती. तिनं रांग पाहिली, मग बाबांकडे पाहिलं. बाबा एका नव्या जोडप्याला वाळवीचं महत्त्व समजावून देत होते.

"बाबा," ती बारीक आवाजात म्हणाली, "काय केलंत तुम्ही?"

"काही नाही गं. लोकांना जरा माहिती दिली."

"वीस जागा आहेत बाबा! इथे चाळीस जण उभे आहेत! आता मार्क बघणार. माझे मार्क!"

बाबांचा चेहरा खर्रकन उतरला. पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी आपल्याच घरातली वस्तू दुसऱ्याला विकली होती. पण माणूस हरणारा नव्हे. ज्या तोंडानं विकलं, त्याच तोंडानं परत घेऊ, असं म्हणत ते रांगेच्या शेपटीकडे धावले.

"खरं सांगू का तुम्हाला?" त्यांनी पहिल्यालाच गाठलं. "पावसाळ्यात गळतं इथे. आणि वास! अहो, तुम्हाला अजून कळला नाही, पण दुपारनंतर उभं राहवत नाही. त्या आतल्या पेटीत झुरळं आहेत. हाताएवढी!"

"मगाशी तर तुम्ही उलटं सांगत होता."

"मगाशी मला कल्पना नव्हती हो. माझं ऐका, मुलाचं नुकसान करू नका."

हे सगळं डॉक्टर पुढून मान वळवून ऐकत होते. ते मोठ्यानं म्हणाले, "कळलं का तुम्हाला? एजंट स्वतःहून ओल दाखवायला लागला, की समजावं ते घर त्याला स्वतःलाच हवंय. ती त्याची मुलगी! मगाशी त्याला बाबा म्हणाली, मी ऐकलं!"

"अस्सं!" बेकरीवाल्या बाई म्हणाल्या. त्यांनी लगेच बहिणीला फोन लावला. "ताई, पोरीला घेऊन निघ. काय म्हणजे? किड्यांचं आहे. आपल्यापासून लपवून ठेवत होते!"

रांग झाडाला वळसा घालून पलीकडे गेली. ज्या विभागांत रोज उभं राहायला जागा नसे, तिथले शिपाई दारात येऊन ही रांग कसली म्हणून बघू लागले.

मुंगी पायरीवर बसली होती. ती रडत होती, आणि आवाज न करता रडत होती. बाबा तिच्याशेजारी जाऊन बसले. पोरीनं जन्मात एकच गोष्ट मागितली होती आणि ती आपण फुकट वाटून टाकली, या विचारानं त्यांना स्वतःचीच जीभ हासडून टाकावीशी वाटली.

"मुंगे, मी चुकलो गं," ते म्हणाले. "मला मेलं गप्प बसताच येत नाही."

मुंगीनं नाक पुसलं. तितक्यात विभागप्रमुख बाई बाहेर आल्या. हातात काचेची पेटी होती.

"इतके अर्ज या विभागानं कधी पाहिले नव्हते," बाई म्हणाल्या. "नियमानं मला मार्क बघता येतात. पण नुसते मार्क बघून मी माझी जनावरं कुणाच्या ताब्यात देणार नाही. आधी प्रत्येकानं याला हातावर घ्यायचं. एक मिनिट. मग मार्कांचं बघू."

पेटीतून त्यांनी वाळक्या काडीसारखा, वीतभर लांब किडा उचलला. काडी चालायला लागली.

पहिलाच नंबर डॉक्टरांच्या मुलाचा. काडीचा पाय बोटाला लागला मात्र, पोरानं अशी काही किंकाळी फोडली की कानातल्या वायरी गळ्यात आल्या.

"घे रे! काही करत नाही तो!" डॉक्टर खांबामागून ओरडले.

"मग तुम्ही घ्या ना पप्पा!"

"मला पेशंट आहेत," डॉक्टर म्हणाले आणि मुख्य इमारतीचा रस्ता कुणालाही न विचारता दिसेनासे झाले.

मग रांग वितळायलाच लागली. कुणाला ॲलर्जी आठवली, कुणाला गाडी भलत्या जागी लावल्याचं आठवलं. बेकरीवाल्या बाईंची मुलगी मात्र टिकली. तिची आईच डोळे मिटून उभी होती. मुंगीच्या हातावर किडा आला, तो तिच्या खांद्यापर्यंत शांतपणे चढत गेला आणि तिथेच बसला. मुंगीचा चेहरा उजळला. बाबांनी टाळीसुद्धा वाजवली.

विभागप्रमुख बाईंनी उरलेली डोकी मोजली आणि त्या खुर्चीत मटकन बसल्या.

"सकाळचे तिघे धरून नऊ," त्या म्हणाल्या. "दहाच्या खाली वर्ग भरवता येत नाही. सकाळपर्यंत माझ्याकडे तीनच अर्ज होते, म्हणजे विभाग बंदच होणार होता. मुलांना कशाला सांगायचं, म्हणून बोलले नाही. या साहेबांनी रांग लावली, तेव्हा मला वाटलं, वाचलो. एकानं राहिलं बघा. पाच वाजत आले."

मुंगीनं बाबांचा हात धरला. "बाबा, जा ना! आणा कुणाला तरी! बोला काहीही!"

बाबा पळाले. पोट सावरत, धापा टाकत पळाले. फाटकाशी त्यांनी एका बापाला अडवलं. "एकच जागा उरलीये हो! खरंच एकच! आईशप्पथ!"

"मगाशी दोन होत्या ना?" तो बाप म्हणाला आणि गाडीत बसला.

दुसऱ्यानं हात जोडले. तिसऱ्यानं गाडीची काच वर केली. उभ्या आयुष्यात बाबा पहिल्यांदा जागेबद्दल खरं बोलत होते आणि एक माणूस विश्वास ठेवायला तयार नव्हता. ते परत आले तेव्हा घामानं निथळत होते.

"पार्टी सुटली," ते कसंबसं म्हणाले. मग त्यांनी डोळे घट्ट मिटले आणि बाईंपुढे हात पसरला. "बाई, मलाच घ्या. ठेवा ती काडी माझ्या हातावर. लवकर ठेवा."

बराच वेळ झाला तरी हातावर काही चढेना. बाबांनी भीतभीत एक डोळा उघडला.

काडी मुंगीच्या आईच्या मनगटावर बसली होती. आई दुसऱ्या हातानं अर्ज भरत होती.

"अगं, काय करतेयस तू?"

"अर्ज भरतेय. शाळेची शेवटची परीक्षा पास झालेली असली की झालं, वयाची अट नाही म्हणाल्या बाई." आईनं सही केली. "मुंगी शाळेत गेली की तिच्या खोक्यांतल्यांना पानं कोण घालत होतं, वाटलं तुम्हाला? आणि काडी काय, केव्हाची बसलीये. मिनिट होऊन गेलं."

"पण तुझ्या डोक्यात हे भरवलं कुणी?"

"तुम्हीच की! मी आत होते, खिडकी उघडी होती. सगळं ऐकलं. मला पटलं बाई."

बाईंनी घाईघाईनं शिक्का मारला. मुंगी आईच्या गळ्यात पडली, रडता रडता हसली, मग एकदम दूर झाली. "आई, पण वर्गात तू माझ्या शेजारी बसायचं नाहीस. आणि मुंगी म्हणायचं नाहीस."

"नाही बसणार. मी पहिल्या बाकावर बसणार," आई म्हणाली. "आणि तूही सगळ्यांच्या देखत मला 'आई, डबा कुठाय' असं ओरडायचं नाहीस."

"हो, पण मग," बाबांनी कपाळ पुसत विचारलं, "रोज सकाळी दोघींचा डबा करणार कोण?"

आई, मुंगी, बाई आणि वर्गातले बाकीचे आठ जण, सगळे नुसते त्यांच्याकडे बघत राहिले.