बिनआवाजाच्या कूलरचा दावा

वकिलाचा सत्कार करायचा होता, तो मी दुसऱ्याच माणसाचा केला. नांदेडच्या त्या काचेच्या ऑफिसात काळा कोट कुणाच्याच अंगावर दिसेना. मग जो सगळ्यांत जाडजूड दिसला त्याला कुंकू लावलं, डोक्यावर टोपी ठेवली, खांद्यावर टॉवेल टाकला. तो बिचारा शेताच्या बांधाचं भांडण घेऊन आलेला पक्षकार निघाला. उठून माझ्याच पाया पडायला लागला.

टॉवेल-टोपीची अक्कल कंट्रोलरसाहेबांची. वसमतला त्यांची आणि माझी भिंत एकच. जन्मभर स्टँडवर एसटीच्या गाड्या पुकारल्या, त्यामुळे निवृत्तीनंतरही हा माणूस बोलत नाही, पुकारतो. घरचं दूध नासलं तरी "प्रवाशांनी नोंद घ्यावी" इथून सुरुवात. वकील मिळवणं म्हणजे सोयरीक जमवणं, असं त्यांचं ठाम मत. चार-पाच माणसांनी जावं, आहेर करावा, मग समोरच्याला नाही म्हणता येत नाही. वसमतच्या वकिलानं आहेर ठेवून घेतला आणि नाही म्हटलं. हिंगोलीच्या वकिलानं तर कूलर दुरुस्त करणाऱ्याचा पत्ता दिला.

भानगड कूलरचीच. गेल्या उन्हाळ्यात एक विक्रेता 'बिनआवाजाचा' म्हणून अख्ख्या गल्लीच्या गळ्यात एकाच कंपनीचे कूलर बांधून गेला. चालू केला की पिठाची गिरणी बरी. आम्ही चार शिव्या घालून गप्प बसलो; अन्यायाविरुद्ध आमच्या गल्लीचा लढा साधारण तेवढाच असतो. कंट्रोलरसाहेबांनी मात्र सगळ्यांचा मिळून एकच दावा लावायचं डोक्यात घेतलं. "एकट्याची तक्रार म्हंजे मधल्या थांब्यावरचा हात. गाडी थांबतच न्हाई," असं पुकारत ते दारोदार सह्या मागत फिरले. सही मिळेपर्यंत उंबऱ्यातून हलायचे नाहीत, आणि मिळाल्यावर चहासाठी थांबायचे. त्यांच्या घरच्या काकू त्याच उन्हाळ्यात गेल्या. घर खायला उठत असेल, म्हणून म्हाताऱ्यानं काढलेला हा उद्योग, असं मी सगळ्यांना हसून सांगायचो.

खरे वकील आतून आले. तरुण होते. ओठ दाबून त्यांनी विचारलं, आवाजानं तुमचं नेमकं नुकसान काय झालं?

आता आमची वरात उघडी पडली. एकाला टीव्हीवरची मालिका ऐकू येत नव्हती. दुसऱ्याची म्हैस बिचकत होती. मी म्हणालो, बायकोचं बोलणं ऐकू येत नाही. मग कंपनीलाच तुमच्याकडून काही मिळायला हवं, असं वकील म्हणाले. सगळे हसले, सगळ्यांत मोठ्यानं मी. त्यांनी फाइल मिटली.

कंट्रोलरसाहेब हसले नाहीत.

"आमची मंडळी अंथरुणावर होती," ते म्हणाले. इतकं हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "दुपारी तिच्या उशाला कूलर लावला अन् मी भाईर वसरीत टेकलो. आत गेलो, तवा ती संपली होती. तिनं हाक मारली आसंल का न्हाई, तेच कळंना."

त्या ऑफिसातला एसी अजिबात वाजत नव्हता.

"कोर्टानं एकडाव आमच्या वसरीत येऊन बसावं. अन् लिहून द्यावं, ह्या आवाजात कुणालाच हाक ऐकू येत न्हाई म्हणून. भरपाई ह्या लोकायला द्या. मला तेवढं लिहून पायजे."

वकिलांनी फाइल उघडली. दावा घेतो म्हणाले. पण निकालाला वर्षं जातील, काका.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती खाली मान घालून मेथी निवडत राहिली. मग म्हणाली, "कोर्टाची वाट काहून पाहायची? आपलाबी कूलर तोच हाय. तुमी वसरीत बसा, मी आतून हाक मारते. आली न्हाई ऐकू, की लगेच जाऊन सांगा त्यायला."

"अन् आली तर?"

"तरी न्हाई म्हणूनच सांगा."