राजापूरचं गार सरबत

“दातांचं काम झालं,” श्रीपतीने आरशात बघत जाहीर केलं. “आता व्याह्यांनी बर्फाची लादी पुढे ठेवली तरी कडाकडा चावीन.”

वासंतीने नवऱ्याच्या खांद्यावरचा पंचा काढून घेतला. त्याचे दात दिवाळीपासून रुसले होते. गार घोट लागला की कळ निघायची ती थेट कानशिलात जाऊन बसायची. रत्नागिरीतल्या दातांच्या डॉक्टरांनी पेस्टची ट्यूब दिली होती आणि बजावलं होतं, “सकाळ-संध्याकाळ, मऊ ब्रशने, हलक्या हाताने. गुण यायला काही आठवडे लागतील, धीर धरा.” श्रीपतीने धीर तेवढा वगळला. आज लेकीच्या, उमाच्या, लग्नाची बोलणी, म्हणून पहाटे अर्धी ट्यूब दातांवर लिंपली. पण त्या गोड फेसाने तोंड धुतल्यासारखं वाटेना. मग नेहमीची राखुंडी घेतली आणि बोट काळं होईपर्यंत खसाखसा घासली.

“पेस्ट औषधाला, राखुंडी दाताला,” तो म्हणाला.

मुलाने उमाला पसंत केलं होतं. अडलं होतं ते मुलाच्या आईच्या, सावित्रीबाईंच्या, होकारावर. मध्यस्थ रावजी, म्हणजे वासंतीचा भाऊ. एस्टीत त्याने पुन्हा पुन्हा समजावलं, “भावजी, त्या घरी पुढ्यात येईल ते नाकारायचं नाही. लांज्याचं चांगलं स्थळ आलं होतं, मुलीच्या बापाने सरबत नको म्हटलं आणि सावित्रीवहिनींनी मुलगीच नको म्हटली.”

“अरे, मी दात बांधून घेतलेत.”

राजापुरात मुलाच्या वडिलांच्या, गोपाळकृष्णांच्या, ओटीवर फ्रीज उभा होता, अंगावर क्रोशाची झालर, कपाळी हळदीकुंकू. आळीतला पहिलाच. सावित्रीबाईंनी त्यातून कोकम सरबताचा पेला काढला. पेल्यावर दव असं साठलं होतं, जसं पहाटे अळवाच्या पानावर साठतं. बघताना डोळे निवावेत असं रूप. श्रीपतीने देवाचं नाव घेतलं आणि घोट घेतला.

आंबट आणि गार, दोघे हातात हात घालून दातांत शिरले. डोक्यात कुणीतरी ताशा बडवू लागलं. तोंडातून आवाज फुटला नाही, पण डोळ्यांना पाझर फुटला.

“अगो बाई, हे रडतायत,” सावित्रीबाई म्हणाल्या.

“मुलगी द्यायची म्हणजे बापाचं काळीज हलणारच,” गोपाळकृष्ण म्हणाले.

कारण आयतंच मिळालं. श्रीपतीने मान डोलावली. सावित्रीबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि मायेने पेला पुन्हा काठोकाठ भरला. आता नाही कसं म्हणणार? दुसऱ्या घोटाला श्रीपतीला हुंदकाच आला.

सावित्रीबाईंचा पदर खाली आला. त्या नवऱ्याच्या कानाशी लागल्या, पण सगळ्या ओटीला ऐकू जाईल अशा. “नुसत्या बोलण्यावर बापाची ही तऱ्हा, तर लेक काय करील? दर शनिवारी एस्टीत बसून माहेरी. मला नको बाई असली हळवी माणसं.”

रावजीने श्रीपतीला कोपर मारलं. उमाचं स्थळ डोळ्यांदेखत दाराबाहेर निघालं होतं.

“वहिनी,” श्रीपती घाईघाईने म्हणाला, “मी मुलीसाठी रडत नाहीये.”

“मग कशासाठी?”

“दातांसाठी.”

सावित्रीबाई “मी आत आहे” म्हणून स्वयंपाकघरात निघून गेल्या. रावजी हात जोडत त्यांच्या मागे धावला.

गोपाळकृष्ण मात्र खुर्ची ओढून जवळ सरकले. “खालचे की वरचे?”

“खालचे. तुम्हाला कसं…”

“माझ्या पेल्याला हात लावून बघा.” पेला कोमट होता. “फ्रीज हिच्या भावाने मुंबईहून पाठवला. मी आपला माझं सरबत चुलीशेजारी ठेवतो. पेस्ट लावता?”

“लावतो. वरून राखुंडी.”

“अहो, काय हे!” गोपाळकृष्णांनी कपाळाला हात लावला. “हिरडी मागे सरली की दात उघडा पडतो. तिथे तो आपल्या जांभ्या दगडासारखा, बारीक भोकाभोकांचा. त्यातनं गारवा थेट शिरेला भिडतो. पेस्ट ती भोकं हळूहळू लिंपते. रोजच्या रोज, थर थर करून. तुम्ही भिंतीला गिलावा करताय आणि ओला आहे तोवर खरवडताय.”

श्रीपतीचे डोळे पुन्हा भरून आले. इतकं त्याच्या मनातलं दुःख आजवर कुणी ओळखलं नव्हतं. मग दोघांनी एकमेकांच्या हिरड्या उजेडात पाहिल्या. ब्रश कसा धरायचा, गुण आला म्हणून पेस्ट का सोडायची नाही, कैरीच्या दिवसांत काय करायचं, सगळं निघालं. शेवटच्या एस्टीची वेळ झाली तेव्हा निरोप घेताना दोघांना भरून आलं. एस्टीतही श्रीपती रावजीला हिरड्यांचंच सांगत राहिला.

घरी वासंती दारातच उभी होती. मागे उमा, चौकटीआड.

“काय ठरलं?”

“राखुंडी बंद,” श्रीपती समाधानाने म्हणाला. “सकाळ-संध्याकाळ, मऊ ब्रश.”

“आणि मुलीचं?”

श्रीपतीचं तोंड उघडं राहिलं. वाऱ्याची झुळूक थेट दातांना लागली आणि ते गप्पकन मिटलं.

“वैशाखात आहे लग्न,” मागून पिशवी सांभाळत येणारा रावजी म्हणाला. “वहिनींशी मी आत बोललो. रडणं दातांचं, हळवेपणाचं नाही, हे त्यांना पटलं. बाहेर कुणी रिकामं नव्हतं.”