दोघांत मिळून दोन डोळे, दोन कान

हेमंत आणि लीला दिघे यांच्या साकेत नगरातल्या फ्लॅटमध्ये दर रविवारी सकाळी नऊला मेलबर्नहून मुलाचा व्हिडिओ कॉल येई, आणि तो घ्यायला दोन माणसं लागत. हेमंतरावांनी बरखेड्याच्या कारखान्यात मशीन शॉपमध्ये पस्तीस वर्षं काढली होती. तिथल्या खडखडाटाने त्यांचे कान त्यांच्याआधीच निवृत्त झाले. लीलाताईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. समोर माणूस आहे की पडदा, हे त्यांना माणूस बोलल्यावर कळे. म्हणून फोन हेमंतरावांनी धरायचा आणि बघायचं. लीलाताईंनी ऐकायचं आणि बोलायचं. फोन ठेवला की पोह्यांच्या बशा घेऊन दोघं बसत आणि आपापल्या वाट्याचा मुलगा एकमेकांना देत.

“कसा दिसत होता?” लीलाताई त्यांच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन ओरडत.

“छान. जरा भरलाय अंगाने. तन्वी मागे उभी राहून हात हलवत होती. दोन वेण्या घातल्या होत्या.”

“आजीशी एक शब्द बोलत नाही ती!”

“लाजते गं. बरं, तू सांग. काय म्हणाला?”

चिन्मय म्हणायचा ते ठरलेलं असे. काम फार आहे, औषधं वेळेवर घ्या, येण्याचं पुढच्या वर्षी बघतो. शेवटचा आला होता त्याला चार वर्षं झाली होती, आणि त्या दहा दिवसांतले तीन इंदूरला सासरी गेले होते. लीलाताई हे ‘पुढच्या वर्षी’ दर रविवारी इमानेइतबारे पोचवत. पण श्रावणातल्या एका रविवारी त्यांना ते जमलं नाही. हेमंतरावांनी “काय म्हणाला?” विचारलं खरं, पण त्यांचा आवाज आधीच “असू दे” म्हणायच्या तयारीत होता. लीलाताईंना तो सहन होईना.

“दिवाळीला येतोय म्हणाला.”

“काय?”

खोटं हळू बोलायची सोय त्या घरात नव्हती. “दिवाळीला येतोय!” लीलाताई ओरडल्या, आणि शेजारच्या बोकड्यांच्या घरातला मिक्सर बंद झाला.

दुपारपर्यंत सगळ्या बिल्डिंगला कळलं. संध्याकाळी पराग बोकडे स्वतः आला. तो मूळचा नागपूरचा, नोकरी इथल्या सरकारी खात्यात आणि जीव मात्र मराठी मंडळाच्या चिटणीसपदात.

“काकू, चिन्मय येऊन राहिला ना दिवाळीत? मग आपल्या फराळ मेळाव्याचा प्रमुख पाहुणा पक्का! दरवर्षी त्या पाण्याच्या टाक्यांच्या डीलर भाईसाबचं भाषण ऐकून पब्लिक परेशान झाली आहे.”

“अरे, अजून तिकीट नाही काढलं त्याने...”

“काढेल ना! मी कार्डं छापायला टाकतो.”

कार्डं छापून आली. इकडे हेमंतरावांनी मागच्या खोलीला रंग दिला, नवा गीझर बसवला. मग टेप घेऊन पलंग मोजला आणि तो सहा फुटी मुलाला दोन इंच तोकडा पडतो असं ठरवून सुताराला बोलावलं. मशीन शॉपमध्ये पस्तीस वर्षं मापं तपासण्यात काढलेला माणूस. माप चुकलेला खिळाही त्यांनी कधी पास केला नव्हता. सकाळी दाढी करताना ते आता शीळ घालत. लीलाताईंना ती शीळ स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येई. या रविवारी खरं सांगून टाकायचं असं त्या दर शनिवारी ठरवत.

तेवढ्यात घराजवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या तारखा आल्या. लीलाताईंना डोळ्यांच्या विभागात आणि हेमंतरावांना कानाच्या मशीनसाठी, दोघांना एकाच मंगळवारी, एकाच वेळी. आता पंचाईत अशी, की लीलाताईंबरोबर कुणी नसलं तर त्या डोळ्यांच्या विभागाऐवजी कँटीनमध्ये जाऊन बसतील. आणि हेमंतराव एकटे गेले तर त्यांचं नाव पुकारून पुकारून नर्सचा घसा बसेल. पराग आणि त्याची बायको मृणाल दोघंही मंगळवारी नोकरीवर. हुकलेल्याला पुढची तारीख थेट जानेवारीतली. म्हणजे एकाने आपली तारीख सोडून दुसऱ्याच्या सोबतीला जाणं भाग होतं.

एक्केचाळीस वर्षांच्या संसारात या जोडप्याने ताटातली शेवटची चकली एकमेकांकडे सरकवून सरकवून मऊ पाडली होती. त्यामुळे जिन्यात उभ्या असलेल्या बोकडे दांपत्याला पुढचं भांडण ऐकून धक्काच बसला.

“माझे डोळे आधी!” लीलाताई म्हणाल्या. हेमंतरावांना दिवाळीआधी कान आले तर पुढच्याच रविवारी ते ‘पुढच्या वर्षी’ स्वतः ऐकणार होते, आणि तो रविवार लीलाताईंना काही करून टाळायचा होता.

“माझे कान आधी!” हेमंतराव गरजले. का, ते त्यांनी कुणालाच सांगितलं नाही.

“तुम्हाला काय ऐकायचंय एवढं? मी सांगते ना सगळं!”

“आणि तुला काय बघायचंय? मी सांगतो ना!”

परागला वाद म्हटला की चेव येई. “थांबा, थांबा. समजा देवानेच विचारलं, एकच ठेवतो, बोल, डोळे का कान? मी तर म्हणतो डोळे. बहिऱ्या माणसाला निदान जेवण काय वाढलंय ते तर दिसतं.”

“मीपण डोळेच ठेवीन,” मृणाल म्हणाली. “कान गेले तर या घरात मला बिलकुल फरक पडणार नाही. उलट आरामच.”

“म्हणजे काय?” पराग म्हणाला, आणि दोघांचं स्वतंत्र भांडण सुरू झालं. ते मिटल्यावर मृणालनेच चिठ्ठ्या टाकायची कल्पना काढली. दोन कागद घडी करून वाटीत टाकले. हेमंतरावांनी एक उचलला, उघडला, नीट न्याहाळला.

“कान,” ते म्हणाले.

लीलाताईंनी आवाजावरून काहीतरी ओळखलं. “मृणाल, तू वाच.”

मृणालने वाचलं. ‘डोळे’ असं चांगलं ठसठशीत लिहिलं होतं.

“चष्मा नव्हता,” हेमंतराव म्हणाले. चष्मा नाकावरच होता.

मंगळवारी मग डोळे गेले आणि कान मागे राहिले. दिवाळीला तीन आठवडे उरले असताना लीलाताईंच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर त्यांना आधी पंख्यावरची धूळ दिसली, मग मागच्या खोलीचा रंग. तो आकाशी आहे असं हेमंतरावांनी सांगितलं होतं. तो चक्क पिस्त्याचा होता. मग दारात उभे असलेले हेमंतराव दिसले. मानेचं कातडं लोंबलेलं, खांदे खाली आलेले, शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात. “किती म्हातारे झालात हो,” लीलाताई हळूच म्हणाल्या आणि आपल्याला रडू का येतंय ते त्यांना कळेना. हेमंतरावांना अर्थातच ऐकू आलं नाही. त्यांनी डोळ्यांत टाकायचे थेंब आणून दिले.

रविवारी पावणेनऊलाच लीलाताई फोन घेऊन बसल्या. कडेला काळा गॉगल, अंगावर इस्त्रीची साडी.

“डॉक्टर फोन बघू नको म्हणालेत,” हेमंतराव म्हणाले.

“पाच मिनिटं!”

“मी बघतो ना. मी सांगतो नंतर.”

“चार वर्षं तुमच्या डोळ्यांनी बघितला!” त्या त्यांच्या कानात ओरडल्या. “आता मला माझ्या डोळ्यांनी बघू द्या!”

फोन वाजला. लीलाताईंनी आज स्वतः उचलला आणि नव्या डोळ्याशी नेला. पडदा काळा होता. मधोमध एक हिरवं वर्तुळ होतं आणि त्यात चिन्मयच्या नावाचं पहिलं इंग्रजी अक्षर.

“आई, कशी आहेस? डोळा कसा आहे?” आवाज आला. माणूस आला नाही.

“अहो, चित्र कुठंय?” लीलाताईंनी फोन हेमंतरावांपुढे धरला.

हेमंतरावांना प्रश्न ऐकू आला नाही, पण पोचला. त्यांनी फोनकडे बघितलंच नाही. ते फरशीकडे बघत राहिले.

“नाही लावत तो,” ते म्हणाले. त्यांच्या मते हळू, म्हणजे तळमजल्यापर्यंत. “दीड वर्ष झालं. नुसतं हे अक्षर असतं.”

लीलाताईंनी दोन्ही हात कानांमागे नेऊन बोटांनी तन्वीच्या दोन वेण्या दाखवल्या.

“तू इतक्या आशेने विचारायचीस,” हेमंतराव म्हणाले. “मग काय सांगू? अक्षर बघितलं म्हणून सांगू?”

लीलाताईंना राग आला. तो गळ्यापर्यंत आला आणि तिथे त्यांना स्वतःचा पराक्रम आठवला. डोळ्याला त्रास नको म्हणून रडायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यांनी ते मानलं नाही.

“अहो, तो दिवाळीला येत नाहीये!”

“काय?”

“येत नाहीये! तो कधी म्हणालाच नव्हता! मी खोटं बोलले तुमच्याशी!”

शेजारी बोकड्यांचं दार उघडलं आणि तितक्याच हळू लागलं.

हेमंतराव खुर्चीत बसले. बराच वेळ त्यांनी गुडघ्यावरून हात फिरवला. “मग त्या परागला सांगायला हवं,” ते म्हणाले. “कार्डं वाटायच्या आत.” लीलाताईंनी मान हलवली आणि आजही चुकीच्या काजात गेलेलं त्यांचं बटण काढून बरोबर लावलं. तेवढा वेळ फोन लीलाताईंच्या मांडीवर पडून होता. तो चालूच आहे, हे दोघांच्याही ध्यानातून गेलं होतं.

“आई,” मांडीवरून आवाज आला. फार बारीक.

लीलाताईंनी फोन उचलला. हिरवं वर्तुळ गेलं होतं. गाडीत बसलेला एक माणूस दिसत होता. सीटबेल्ट लावलेला, गाडी कुठेतरी कडेला उभी केलेली. कानशिलं पांढरी झाली होती आणि कपाळ डोक्याच्या मध्यापर्यंत चढलं होतं. अंगाने भरलेला वगैरे काही नव्हता. त्याने तोंड उघडलं आणि मिटलं.

“केस कुठे गेले रे तुझे?” लीलाताई म्हणाल्या.

हेमंतराव धडपडत उठले, लीलाताईंच्या खांद्यावरून वाकले आणि दोघांची डोकी एकमेकांवर आपटली. त्यांनी पडद्याकडे पाहिलं. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

“काय म्हणतोय?” त्यांनी विचारलं.

लीलाताईंनी कान देऊन नीट ऐकलं. बाजूने एखादी गाडी गेल्याचा आवाज येत होता, आणि मध्येच नाक ओढल्याचा.

“काही म्हणत नाहीये,” त्यांनी हेमंतरावांच्या उजव्या कानात ओरडून सांगितलं. “नुसता बसलाय. बघा तुम्ही.”