कॅप्टनचा बगीचा

आठवीच्या वर्गात इंग्रजी कादंबरीची प्रत एकच होती, आणि तिची शेवटची सोळा पानं आता संत्र्यांखाली होती. संत्र्यांची पेटी सकाळच्या गाडीने सौसरहून पांढुर्ण्याला, तृप्तीच्या श्रीकांतमामाकडे गेली होती.

पेटीच्या तळाला कागद लागतो आणि घरातली रद्दी संपली होती. तृप्तीच्या आईने, वच्छलाबाईंनी, पानं फाडली ती मात्र विचार करूनच.

"तू वाचलेली फाडली असती त तू बोंबलली असती," त्या म्हणाल्या. "म्हणून न वाचलेली फाडली. आता काहून रडून राहिली?"

तृप्ती रडत होती ती भिवाजी सरांच्या धास्तीने. सरांनी त्याच आठवड्यात शिकवलं होतं, की इंग्रज माणूस कडू गोष्ट तोंडावर बोलत नाही. मेला म्हणत नाही, निघून गेला म्हणतो. सर स्वतःही हे पाळत. त्यांच्या टेबलावर सागाची पट्टी असे, तिला ते 'मार्गदर्शन' म्हणत. व्याकरण चुकलं की एक मार्गदर्शन, गृहपाठ नसला की दोन. पुस्तक फाडल्यास किती, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. तिथवर आजपर्यंत कोणी पोचलंच नव्हतं.

वर्गाचा नियम असा, की पुस्तक ज्याच्या घरी जाईल त्याने पुढची गोष्ट उभं राहून इंग्रजीत सांगायची, तीही भूतकाळात. तृप्तीच्या वाट्याला नेमका शेवट आला होता. कॅप्टन वादळात सापडला आहे, बायको बंदरावर वाट पाहते आहे, इथवर गोष्ट आली होती. पुढचं मामाच्या संत्र्यांना माहीत.

सोमवारी ती वर्गात शिरली आणि दारातच थबकली. मागच्या बाकावर पांढुर्ण्याहून तपासणीला आलेले साहेब बसले होते. भिवाजी सर पुसलेला फळा पुन्हा पुसत होते. पट्टी कपाटात गेली होती.

"हां, तृप्ती," सर म्हणाले. "शेवट सांग."

घाबरलेल्या माणसाला फार लांबचं सुचत नाही. तृप्तीने कॅप्टनला जिवंत किनाऱ्यावर आणलं. बायकोने त्याला माफ केलं. पुढे त्याचं काय करावं हे कळेना, म्हणून तिने त्याला जहाज विकायला लावलं आणि संत्र्यांचा बगीचा लावून दिला. इंग्लंडात. विहिरीला पाणी चांगलं लागलं, हेही ती भीतीच्या भरात सांगून गेली. सगळं भूतकाळात.

तृप्तीने सवयीने हात पुढे केला.

साहेबांनी घसा साफ केला. "कॉलेजात असताना वाचली होती मी ही कादंबरी," ते म्हणाले. "तो विहिरीचा प्रसंग तेव्हाही मनाला लागला होता."

"लागतोच, साहेब," भिवाजी सर म्हणाले आणि रुमालाने मान पुसू लागले.

पुढच्या आठवड्यात मामाकडून रिकामी पेटी परत आली. भावाकडूनही पेटी मागून घ्यायला वच्छलाबाई विसरत नसत. तळाशी सोळाही पानं होती, जरा डागाळलेली. तृप्तीने ती मोरीत दडून वाचली. कॅप्टन त्यातल्या पहिल्याच पानावर बुडाला होता. बगीचा कुठेच नव्हता.

दोन दिवस तिने ती दप्तरात तशीच ठेवली. तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिने पानं सरांपुढे ठेवली, खरं ते सांगितलं आणि हात पुढे केला.

सरांनी पट्टीकडे पाहिलंही नाही. ते वाचतच राहिले. अकरा वर्षं ते ही कादंबरी शिकवत होते, पण दर वर्षी शेवट यायच्या आत परीक्षा यायची. वाचून झाल्यावर ते उठले, दार लोटून आले आणि खणातून एक कागद काढला. साहेबांनी साऱ्या शाळांना पाठवलेला सराव पेपर होता तो. प्रश्न चौथा, गुण पाच: कॅप्टनने संत्र्यांचाच बगीचा का लावला?

"कुठं कुठं गेला हा पेपर, सर?" तृप्तीने विचारलं.

"लोधीखेडा, रामाकोना, सौसर. कोणतं गाव सुटलं नाही."

"पण कॅप्टन त मेला नं, सर?"

सरांनी सोळा पानांची घडी केली, कपाटात ठेवली आणि वरून पट्टी ठेवून कुलूप लावलं.

"काय शिकवलं होतं मी? मेला म्हणायचं नाही, बेटा," ते हळूच म्हणाले. "म्हणायचं, बगीच्यात पाणी देऊन राहिला."